दोन कोसांचा वळसा

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक सुईण होती. तिच्या हाताला यश होतं, पण काळजात धीर म्हणून नव्हता. पाल चुकचुकली तरी ती दचकायची. पाटलानं नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी तिचे पाय लटपटायचे. बायका तिला हसायच्या आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची.

गावापासून पाव कोसावर कुंभारवाडी होती. मधून सरळ वाट होती, आज्या-पणज्यांच्या पायांनी पडलेली. पण गावच्या इनामदारानं आपली आंबराई वाढवायला घेतली. आज इकडे चार झाडं लावली, उद्या तिकडे चार, असं करत करत त्यानं ती वाटच गिळली. भोवती भिंत घातली, दोन्ही टोकांना दरवाजे बसवले, एक दरवान ठेवला आणि दोन दांडगी कुत्री पाळली. आता कुंभारवाडीला जायचं तर ओढ्याच्या कडेनं दोन कोसांचा वळसा घ्यायचा.

आणि गावानं काय केलं म्हणता? वळसा घेतला! कुंभार डोक्यावर मडकी घेऊन दोन कोस चालू लागले. पोक्त माणसं म्हणाली, "चालल्यानं काही पाय झिजत नाहीत." पोरांना सांगितलं गेलं की ती कुत्री माणूस फाडून खातात. कुणाला फाडलं होतं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकदा भर दुपारी कुंभार धापा टाकत सुईणीच्या दारात आला. त्याची बायको अडली होती, पहिलटकरीण. सुईणीनं गाठोडं उचललं आणि दोघं निघाली. आंबराईच्या दरवाजापाशी दोघांचेही पाय थबकले. इथून गेलं तर लगेच पोचता येणार होतं. आतून कुत्री भुंकली.

"नको रे बाबा," सुईण म्हणाली.

"नकोच," कुंभार म्हणाला.

दोघं दोन कोस पळाली. पोचली तेव्हा मूल जन्मलं होतं आणि काळंनिळं पडलं होतं. गळ्याभोवती नाळेचा वेढा बसला होता. सुईणीच्या हातांना असे वेढे नेहमीचे होते. दोन बोटं घालून तिनं ते किती वेळा सोडवले होते. फक्त हात वेळेवर पोचायला हवे होते.

तिला कुणीही बोल लावला नाही. सगळे म्हणाले, देवाची मर्जी. देवाची मर्जी! ती भिंत काय देवानं बांधली होती? ती कुत्री काय देवानं पाळली होती? पण हे तोंड उघडून विचारायचं तर इनामदाराच्या कानावर जाणार, म्हणून सगळं देवावर ढकललं की झालं. सुईणीनं मान डोलावली, पण दरवाजापाशी थबकलेले आपले पाय तिला आठवत राहिले.

वर्षभरानं कुंभारणीला पुन्हा दिवस गेले. ते ऐकून सुईणीला आनंद व्हायच्या आधी घाम फुटला. बाळंतपण सांगून येत नाही. त्या दिवशी पुन्हा दरवाजाशी उभं राहावं लागणार आणि आपण पुन्हा "नको रे बाबा" म्हणणार, हे ती ओळखून होती. आयत्या वेळी धीर कुठून आणायचा? तेव्हा तिनं ठरवलं की आजपासूनच सुरुवात करायची.

पहिल्या दिवशी ती दरवाजाअलीकडच्या चिंचेपर्यंत गेली. कुत्री भुंकली आणि ती घरी पळाली. दुसऱ्या दिवशी चिंचेच्या दहा पावलं पुढे गेली. पंधरा दिवसांनी दरवाजाला हात लावला.

"काय पाहिजे गं म्हातारे?" दरवान खेकसला.

"काही नाही," सुईण म्हणाली आणि माघारी फिरली. घरी येईपर्यंत ती स्वतःवरच चिडत होती. काही नाही? म्हणे काही नाही! अगं, वाट पाहिजे ना तुला?

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि एका दमात म्हणाली, "वाट पाहिजे. कुंभारवाडीला जायची. माझी सासू इथूनच जायची."

"मालकांचा हुकूम नाही."

"बरं. उद्या परत विचारते."

मग हे रोजचंच झालं. ती विचारायची, दरवान नाही म्हणायचा, आत कुत्री भुंकायची. गावात तिची चेष्टा सुरू झाली. पोरं तिची नक्कल करायची, बायका म्हणायच्या की म्हातारीला चळ लागला. पाटलानं तिला चावडीवर बोलावून समजावलं, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

सुईणीचे पाय लटपटले, पण ती म्हणाली, "पाणी आपलंच होतं, पाटील. मासा मागनं आला."

नऊ महिने भरले. एके दिवशी सकाळी कुंभार पुन्हा धावत आला, अर्थात वळशानंच. सुईणीनं गाठोडं काखोटीला मारलं आणि ती थेट आंबराईकडे निघाली, कुंभार मागोमाग. आज दरवाजा उघडा होता, कारण आंबे उतरवायचे होते. आणि दरवाजात खुद्द इनामदार उभा होता.

सुईणीच्या तोंडचं पाणी पळालं. दरवानाची तिला सवय झाली होती, मालकाची नव्हती.

"मालक, वाट द्या," ती कशीबशी म्हणाली. "कुंभाराच्या घरी बाळंतीण अडलीय."

"वळशानं जा. आज तुला सोडलं तर उद्या अख्खा गाव घुसेल."

"मागच्या खेपेला वळशानंच गेले होते. पोर गेलं."

"मग? मी मारलं?" इनामदार हसला.

ते हसू बघितलं आणि सुईणीच्या अंगाचा तिळपापड झाला. भीती होती तिथंच होती, पण आवाज मात्र कापला नाही. "निम्मं तुमच्या भिंतीनं मारलं, निम्मं माझ्या भित्रेपणानं. माझ्याकडनं ते पुन्हा व्हायचं नाही. तुमचं तुम्ही बघा."

आणि ती चालू लागली.

"सोड रे कुत्री!" इनामदार ओरडला.

कुत्री सुटली. एक जवळ आलं, वास घेऊन तिथंच घुटमळलं, रोजची म्हातारी त्याच्या ओळखीची झाली होती. दुसरं मात्र चावलं. खरंच चावलं! लुगडं फाटलं आणि पोटरीतून रक्त आलं. सुईण कळवळली, तिनं खाली बघितलं आणि पुढचं पाऊल टाकलं. इतकी वर्षं सारा गाव जिच्या धास्तीनं दोन कोस चालला, ती गोष्ट घडली होती, आणि ती एवढीशी होती. पोटरीवर दोन दात.

तोवर दरवानानं धावत येऊन कुत्र्याचा पट्टा धरून त्याला मागे खेचलं. मालकाचा हुकूम नसताना खेचलं. मग पळत जाऊन पलीकडचा दरवाजाही त्यानंच उघडला. कुंभारानं एकदा इनामदाराकडे बघितलं, एकदा सुईणीच्या पाठीकडे, आणि तोही तिच्यामागे धावला.

याही खेपेला नाळेचा वेढा होताच. पण हात वेळेवर पोचले. बाळानं असा टाहो फोडला की बाहेर उभा असलेला कुंभार मटकन खाली बसला.

कुंभारणीनं सुईणीची पोटरी बघितली. "कुठनं आलीस?"

"आंबराईतनं."

कुंभारणीनं मान वर केली. "मग मागच्या खेपेला का नाही आलीस?"

सुईणीला म्हणता आलं असतं की भिंत होती, कुत्री होती, देवाची मर्जी होती. सगळं तयार होतं, गावानंच शिकवलेलं. ती म्हणाली, "भ्याले होते बाई."

कुंभारणीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि तोंड फिरवलं. ती रडली. मग ती एवढंच म्हणाली, "पाय धू. हळद लाव."

सुईण लंगडत गावात परतली तेव्हा सगळे गोळा झाले होते. "वाघीण आहे वाघीण!" पाटील म्हणाला. कुणी तिला हार घालायला निघालं.

"ठेव तो हार!" सुईण कडाडली. तिचा असा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. "मला वाघीण म्हणाल, पाटावर बसवाल आणि उद्या परत वळशानं जाल! एक पोर गेलं तेव्हा कुठं माझे पाय हलले. तुमच्यातल्या कुणाचं जायची वाट बघताय? उद्या सकाळी मी त्या वाटेनं जाणार. कोण येतंय?"

पाटलानं पागोटं सारखं केलं. एकेक जण घरी निघून गेला.

सकाळी तिच्या दारात तिघी जणी उभ्या होत्या. तिघीही थरथरत होत्या. दुसऱ्या दिवशी सात जण आले, त्यानंतर कुंभार मडकी घेऊन आले. दोन कुत्री चावून चावून किती जणांना चावणार? महिन्याभरात दरवानानं कवाड लावायचंच सोडून दिलं आणि इनामदार आतल्या आत चरफडत राहिला.

आता त्या गावात कुणालाही विचारा. तो आंबराईतल्या सावलीतून रमतगमत चालता चालता सांगेल, "आम्ही कुठं भीत होतो!"

तात्पर्य एवढंच: आयत्या वेळी धीर येत नाही, तो आधीपासून रोज एकेक पाऊल टाकून शिकावा लागतो. आणि तोवर भितो आपण, पण भोगतो मात्र भलताच कुणीतरी.