नॉइज म्हणजे काय, आत्याबाई?

एका यंत्रमागांच्या गावात एक आत्याबाई राहायच्या. अख्खं गावच त्यांना आत्याबाई म्हणायचं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण तरुणपणी एका गोऱ्या डॉक्टरणीच्या दवाखान्यात आयाचं काम केलेलं, तिथं कानांनी इंग्रजी गोळा केलं होतं. तेच त्या संध्याकाळी आळीतल्या बायकांना शिकवायच्या. फी काही नाही, खोड्या तेवढ्या सोसायच्या. नव्या शिष्येला पहिल्या दिवशी साखरेऐवजी मीठ घातलेला चहा मिळायचा. ती ‘छान झालाय’ म्हणाली, की आत्याबाई डोळे बारीक करून म्हणायच्या, "हिला आधी मराठीत खरं बोलायला शिकवलं पाहिजे."

शकू त्यातलीच. तिनं तर कप संपवला होता.

शकूचा नवरा मागावरचा कारागीर. परदेशातल्या कापडगिरणीत गेला होता, त्याला दोन वर्षं होत आली होती. आता साहेब म्हणत होता, आणखी दोन वर्षांसाठी सही कर. शुक्रवारी सांगायचं होतं. नवरा फोनवर विचारायचा, "काय करू? थांबू का येऊ?"

आता घर म्हणजे मागांच्या शेडला चिकटलेलं. बाहेरच्या सोप्यात फोन घेतला की मागांचा खडखडाट. नवरा तिकडं नवा शब्द शिकला होता. म्हणायचा, "तुझ्याकडं लई नॉइज आहे. आत जाऊन बोल."

शकू आत जायची. आत सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या, जाऊ भाजी निवडतेय, दीर पायाची नखं काढतोय. सगळ्यांचे हात कामात आणि कान फोनकडं. शकू म्हणायची, "तुम्हाला बरं वाटंल तसं करा." फोन ठेवायची आणि कोरडेच हात पदराला पुसत उभी राहायची.

बुधवारी तिनं विचारलं, "आत्याबाई, नॉइज म्हणजे काय?"

"पुस्तकात लिहिलंय, नकोसा मोठा आवाज."

"तो बंद कसा करायचा?"

"मागवाल्याची बायको असून विचारतेस होय? चल."

आत्याबाईंनी तिचं मनगट धरलं आणि सरळ शेडमध्ये नेलं. सगळे माग चालू. जमीन पायांखाली थरथरतेय. आत्याबाई मागांच्या ओळीच्या त्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि नुसते ओठ हलवायला लागल्या. शकूला काही कळेना. ती चार पावलं पुढं गेली. आत्याबाईंचे ओठ हलतच होते. शेवटी शकूनं त्यांच्या तोंडाला कान लावला.

आत्याबाई बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "तुझ्या सासूला मिशा फुटायला लागल्यात!"

शकूनं घाबरून मागं बघितलं. शेजारच्या मागावरचा गडी तुटलेला धागा जोडत होता, त्यानं मानसुद्धा वळवली नाही. मग ती इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं.

आत्याबाईंनी आता स्वतःचा कान पुढं केला.

शकूनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. मग मोठ्यानं म्हणाली, "मला करमत नाही. त्यांचा जुना सदरा उशाखाली घेते मी. त्याला मागाच्या तेलाचा वास यायचा. आता तोबी गेला."

आत्याबाईंनी तिला बाहेर आणलं. ओट्यावर बसवून पाणी दिलं, ह्या वेळी बिनमिठाचं.

"पुस्तकातला अर्थ खोटा नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "पण तो आवाज कुणाला नकोसा, ते पुस्तक सांगत नाही. आपल्या आळीत भिंती पातळ आणि माणसं दाट. इथल्या बायका नवऱ्याशी जे काही मनातलं बोलल्या, ते ह्या खडखडाटाच्या आडोशालाच बोलल्या. तू तो आडोसा सोडून चार माणसांत जाऊन उभी राहतेस, मग तोंडातनं शब्द कसा फुटंल?"

"पण त्यांना ऐकू कसं जाणार?"

"मागावर वाढलेला गडी तो. एवढ्या आवाजात एक धागा तुटला तर त्याला कळतंय. तू तुटलीस तर कळणार नाही होय?"

गुरुवारी फोन वाजला, तशी शकू तो घेऊन थेट शेडमध्ये गेली.

"लई नॉइज आहे," नवरा म्हणाला. "आत जा."

"नाही जात," ती म्हणाली. मग फोन तोंडाशी धरून, डोळे मिटून, तिनं सगळं सांगितलं. सदऱ्याचंसुद्धा. शेवटी म्हणाली, "सही करू नका. या."

 फोन तुटला की काय, म्हणून तिनं तो कानावर आणखी दाबला. तेव्हा त्या एवढ्या खडखडाटात, अगदी कानाला तोंड लावल्यासारखं ऐकू आलं, "येतो."

घरात आली, तर सासूबाई शेंगाच फोडत होत्या.

"काय म्हणाला गं?"

"काय ऐकूच आलं नाही, आई. लई नॉइज होता."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "असतोय," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळेलाबी असायचा."

मग टरफलं पाखडत म्हणाल्या, "उद्या त्याची पांघरायची वाकळ उन्हात टाक."