झुलते चिलखत

फार फार पूर्वी एका डोंगरी राज्यात एक लोहार राहत होता. तो राजाच्या शिपायांसाठी चिलखते घडवायचा.

त्या राज्यात एक रीत होती. नवे चिलखत चिंचेच्या फांदीला दोरीने टांगायचे आणि तीस पावलांवरून त्यावर एक बाण सोडायचा. बाण आत शिरला नाही, तर पत्र्यावर पडलेला पोचा हीच मोहोर. शिपाई तो पोचा बोटाने चाचपत आणि मगच चिलखत अंगावर चढवत.

या लोहाराच्या चिलखतात बाण कधीच शिरला नव्हता. टण्ण आवाज व्हायचा, चिलखत गर्रकन फिरायचे आणि बाण घसरून गवतात पडायचा.

ते बाण एक म्हातारी वेचायची. बाण बनवणे हेच तिचे काम. एकदा ती लोहाराला म्हणाली, "अरे, चिलखत झुलतंय. बाण तिरका लागतो, म्हणून घसरतो. आणि हे टोक बघ कसं वाकलंय! परीक्षेला तू मऊ लोखंडाचे बाण मागवतोस. शत्रू टोकांना पाणी देऊन ती कडक करतो."

"म्हातारे, बाण तुझे बोथट आणि नावं माझ्या चिलखताला?" लोहार म्हणाला. सगळे हसले.

"मग एकदा खांबाला घट्ट बांध. कडक टोकाचा बाण मी देते."

लोहाराने ऐकले नाही. पत्रा पातळ आहे, हे त्याला ठाऊक होते. पण हलक्या चिलखतांसाठी राजा त्याचे कौतुक करत असे.

पुढे युद्ध पेटले. लोहाराचा एकुलता एक मुलगाही निघाला. लोहाराने स्वतः त्याच्या चिलखताचे पट्टे आवळले. जराही हलू नये, इतके घट्ट.

मुलाने पोचा चाचपला. "बाबा, मोहोर आहे. आता कसली भीती?"

लोहाराच्या ओठांवर शब्द आले. पण अंगणात सारे शिपाई उभे होते आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचेच चिलखत होते. ते गिळून त्याने मुलाची पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी मुलाचे प्रेत आले. बाण पोच्याच्या शेजारीच सरळ आत शिरला होता. लोहाराने तो उपसला. टोक जराही वाकले नव्हते.

तो उठला आणि त्याने चिंचेच्या फांदीची दोरी कापली. मग म्हातारीपुढे हात पसरला. "आजी, तो कडक बाण द्या."

"आता कशाला रे?" म्हातारी म्हणाली. तिच्यामागे आणखी चाळीस प्रेते येत होती.

तात्पर्य: आपण सोपी करून घेतलेली परीक्षा दुसऱ्याच्या जिवावर बेतते.