ओवीतलं नाव

गादी मुलाला सोपवून उदयभान महाराज तळ्याकाठच्या महालात राहायला आले, आणि लोकांनी आपली आठवण काढावी कशी, याच घोरात पडले. शाहिरांनी पोवाडे रचले, पण शाहीर गावाबाहेर पडले की पोवाडेही जात.

एका पहाटे धुक्यातून जात्याची घरघर आली, तिच्यावर तरंगणारी ओवी आली. महाराज झोपेत चालावं तसे त्या सुरामागून गेले. एका घराच्या पडवीत सगुणा नावाची बाई दळत होती. ओवीत तिच्या भावाचं नाव होतं. महाराजांना वाटलं, नाव उरावं तर असं!

"बाई, माझंही नाव घाल ओवीत. आज्ञाच समज."

सगुणेनं त्यांना ओळखलं. पदर सावरला, पण जात्याचा खुंटा काही सोडला नाही.

"घालते की, महाराज. भाऊ लढाईवर गेला तो आलाच नाही, एवढंच मी रोज गाते. त्याला धाडलं कुणी, ते सांगायचं राहिलंय. तिथं तुमचं नाव अगदी नेमकं बसेल. घालू?"

जातं थांबलं. तळ्यावरचं धुकंही जणू थबकलं.

"घाल," महाराज म्हणाले. "माझा मुलगा नव्या लढाईची तयारी करतोय. आधी त्याला ऐकव."