रिंगणातली जागा

फार पूर्वी एका रानात गव्यांचा कळप होता. वाघ आला की सगळे वासरांभोवती शिंगे बाहेर रोखून रिंगण धरत. म्होरक्याने बढाया मारत तिसऱ्यांदा सगळ्यांना आटलेल्या पाणवठ्यावर नेले, तेव्हा म्हातारा भुरा वैतागला.

पलीकडच्या कळपातला एक गवा म्हणाला, "आजोबा, आमच्यात या. आमचा म्होरक्या बढाया मारत नाही, पाणी दाखवतो."

भुरा निघाला. पण चार पावलांवर त्याला वाटले, रिंगणात माझ्या जागी कोण उभे राहील? की नव्या कळपात जायला कचरतो, हा नुसता माझा भित्रेपणा? त्याला काही ठरवता येईना.

इतक्यात झाडावरून वानर ओरडले, "वाघ!" भुरा धावत आपल्या जागी येऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी म्होरक्या धापा टाकत होता. वाघाने दोन फेऱ्या मारल्या, कुठे फट दिसली नाही, आणि तो निघून गेला. वासरे सगळी होती.

"मला वाटलं, तुम्ही गेलात," म्होरक्या पुटपुटला.

"निघालोच होतो. आणि परतलो ते तुझ्यासाठी नाही, बाळा. उद्या पाण्याला निघण्याआधी चार जणांना विचार."

म्होरक्याने मान खाली घातली. भुरा तिथेच बसला आणि कित्येक दिवसांनी निवांत रवंथ करू लागला.