खारीनं गोम पाळली

ऐनाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत एक खार राहायची. हातानं चपळ, मनानं मायाळू आणि कानानं ठार बहिरी. नाही मुलांनो, ऐकू सगळं यायचं तिला. दूर कुठे शेंग तडकली तरी शेपटी उभी करून पळायची. पण समोरचा बोलायला लागला, की तिला फक्त स्वतःचंच बोलणं ऐकू यायचं. असल्या बहिरेपणावर कुठल्याच झाडपाल्याचं औषध नाही.

त्या दिवसांत जंगलात कुणाला तरी पाळायची टूम निघाली होती. मुंग्यांनी मावा, म्हणजे पानांवरचा तो बारीक किडा, पाळला होता आणि त्याच्या अंगचा गोड रस त्या येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मिटक्या मारत चाटायच्या. खारीच्या पोटात दुखायला लागलं. आपल्याकडेही कुणी पाळलेलं हवंच! तेवढ्यात रानडुकरांनी ऐनाखालचा कुजका ओंडका उलथवला आणि त्यात राहणारी एक गोम उघड्यावर पडली. खारीनं तिला पानावर घेतलं आणि ढोलीत आणून सोडलं. ढोलीच्या तळाला पाणी मुरून गार शेवाळ धरलं होतं, अंधारही होता. गोमीला जागा पसंत पडली. खार म्हणाली, "आजपासून मी तुला पाळणार!"

"पाळणार म्हणजे तू नक्की काय करणार?" गोमीनं विचारलं.

"तुला खायला घालणार! आणखी काय असतं पाळण्यात?"

"मग नीट ऐकून घे," गोम म्हणाली. "मला किडा लागतो. माझ्याहून दांडगा नको. एकदा पोट भरलं, की पुढे बरेच दिवस मला काही नको असतं. मी खाल्लं नाही, तर तो किडा उचलून बाहेर ने, माझ्यापाशी ठेवू नकोस. हे शेवाळ मात्र ओलं राहू दे. आणि मला हात लावू नकोस, म्हणजे मी चावणार नाही."

"हो गं, हो," असं म्हणत खारीनं तिच्यापुढे चारोळ्यांची रास ओतली.

आता काय म्हणावं! गोमीनं चारोळ्यांना तोंड लावलं नाही. खारीला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं एक झुरळ धरून आणलं आणि गोमीनं ते फस्त केलं. खार आनंदानं फांदीवर नाचली. लगेच दुसरं झुरळ आणलं. गोम म्हणाली, "नको."

इथंच सगळं बिनसलं. कारण खारींच्या घराण्यात आग्रहाची मोठी रीत. पाहुण्याचं पहिलं 'नको' लाजेचं समजायचं, दुसरं 'नको' शिष्टाचाराचं, आणि तिसऱ्यांदा 'नको' म्हणाला की त्याच्या पुढ्यात ढीग वाढायचा. त्यानं पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढायचं. पाहुणा पोट धरून कण्हत घरी गेला, की घराण्याचं नाव राहिलं! नको म्हणजे नको, असंही एखाद्याला म्हणायचं असेल, हे त्या घराण्यात कुणाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. भरल्या पोटाचं ओझं वाढणारीला थोडंच वाहायचं असतं?

"घे गं माझी राणी, एवढंसंच तर आहे," म्हणत खारीनं ते झुरळ गोमीपुढे सरकवलं. मग एक अळी सरकवली. मग एक नाकतोडा. गोम कोपऱ्यात सरकत राहिली आणि खार तिच्यामागे घास सरकवत राहिली.

थोड्या दिवसांनी गोमीचा रंग उतरला. अंगावरची चकाकी गेली. ती दिवसभर शेवाळात दडून बसू लागली. शेजारच्या फांदीवर एक साळुंकी राहायची. दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय तिला स्वतःचं घर गोड लागत नसे. तिनं ढोलीत मान घातली आणि म्हणाली, "अगं बाई! ही गोम आहे की वाळकी काडी? खायला घालतेस ना गं हिला?"

खारीचा चेहरा पडला. "घालते की! तीच खात नाही."

"मावा बघ त्या मुंग्यांचा, कसा टरारून फुगलाय. लोक काय म्हणतील तुला?"

खोडावरून एक सरडा हे ऐकत होता. गोमीबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती, म्हणून तो फार ठामपणे बोलला. "रुसलीय ती. आणि ओलीनं पोटात थंडी भरलीय. आधी ते शेवाळ काढून टाका खारबाई. आणि घास तोंडात कोंबा. एकदा चव लागली की खाते मुकाट्यानं."

"खरंच का हो भावजी?"

"मग? आमच्यात असंच करतात," सरडा म्हणाला. त्यांच्यात असलं काहीही करत नव्हते.

गोम ढोलीतून हे सगळं ऐकत होती. ती स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, "खारबाई, मी आजारी नाही. मी रुसलेली नाही. मी कात टाकणार आहे. त्याआधी माझी भूक मरते, ती मरायलाच हवी. कात निघेल तेव्हा माझं अंग लोण्यासारखं मऊ असेल, नांग्यासुद्धा मऊ असतील, तेव्हा माझ्याजवळ कुणी नको. मला फक्त ओल हवी आणि अंधार हवा."

इतकं स्पष्ट! आणि त्यावर खार काय म्हणाली असेल?

"कात बित नंतर गं. आधी दोन घास खाऊन घे."

तिनं काडीच्या टोकाला अळी लावली आणि गोमीच्या तोंडाशी नेऊन खुपसली. गोम उसळून उभी राहिली. नांग्या उघडून म्हणाली, "मागे हो! तुझ्या आसऱ्याला आहे म्हणून चावले नाही!"

खार रडत साळुंकीकडे गेली. "बघा हो, इतकं करून शेवटी माझ्याच अंगावर आली."

"उपाशी जनावर चवताळतंच," साळुंकी म्हणाली. "तू आपली घालत राहा. उपकाराची जाण नसते गं कुणाला."

मग खारीनं मायेच्या भरात भलताच उद्योग केला. सगळं शेवाळ खरवडून बाहेर फेकलं. एक दांडगा रातकिडा धरून आणला, जिवंत, धडधाकट. त्याला गोमीजवळ सोडला आणि ढोलीचं तोंड सालीनं गच्च बंद केलं. 'समोर असला म्हणजे भुकेनं खाईलच केव्हातरी,' असं म्हणून ती आणखी किडे शोधायला निघून गेली. जाता जाता मुंग्यांच्या वारुळापाशी थांबली आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आमच्या गोमीला आज खास रातकिडा आहे बरं का!"

कोरड्या ढोलीत गोमीची कात सुटायला लागली आणि अर्ध्यावर अडकली. पुढचं अंग बाहेर, मागचं अंग जुन्या सालड्यात. पांढरी, मऊ, हलता येत नाही, चावता येत नाही. आणि शेजारी कोंडलेला रातकिडा. त्यालाही पोट होतं.

खार दुपारी परतली. साल काढून आत डोकावली, तर रातकिडा गोमीचे मागचे पाय कुरतडत होता.

"मेल्या!" खार किंचाळली आणि त्याला धरून बाहेर ओढलं. "तुला तिच्या जेवणासाठी आणला होता!"

"मला कुणी विचारून आणलं होतं का?" रातकिडा ओरडला. "अन्न म्हणून कोंडलंस, पाणी नाही, पालाही नाही. मी काय तिच्याकडे बघत मरायचं होतं? खाल्लं नाही तर किडा उचलून ने, असं तिनं तुला सांगितलं होतं म्हणे, आत तीच म्हणत होती. मला शिव्या कसल्या देतेस?" आणि तो उडी मारून गवतात गेला.  

आरडाओरडा ऐकून साळुंकी आणि सरडा धावत आले. साळुंकीच्या चोचीत गांडूळ होतं. "तरी मी म्हणत होते, अशक्त झालीय! खाल्लं असतं तर अंगात जोर असता. बाजूला हो, हे भरवते तिला."

"पाय गेले त्याचं मनावर घेऊ नका खारबाई," सरडा म्हणाला. "ढीगभर आहेत तिला."

मुलांनो, असं बोलणारा कुणी भेटला, तर त्याला म्हणावं, तुझ्याकडे जे भरपूर आहे ना, त्यातलं एक इथं उपटून ठेव. मग बोल.

ढोलीतून बारीक आवाज आला. "पाणी." तेवढाच एक शब्द.

साळुंकी चोच पुढे करून आत घुसत होती. खारीच्या घराण्यात कुणी कुणाला दारातून हाकललेलं नव्हतं. खारीनं आधी गांडुळाकडे पाहिलं, मग आतल्या त्या पांढऱ्या, थरथरणाऱ्या जिवाकडे. आणि तिनं साळुंकीच्या पंखाला असा कडकडून चावा घेतला, की दोन पिसं खाली पडली.

"चालती हो! आणि तुम्हीही, भावजी! पुन्हा या दारात तोंड घातलंत तर बघा!"

ती ओढ्याकडे पळाली. तोंड भरभरून ओलं शेवाळ आणलं, गोमीला हात न लावता तिच्याभोवती अंथरलं, आणि दाराकडे पाठ करून बाहेर बसली. हातात काही नाही. तोंडात काही नाही. मुंग्या रांगेनं जाताना विचारत होत्या, "काय गं, आज काय खास?" खार जागची हलली नाही. नुसतं बसणं तिला आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

ओलाव्यानं कात हळूहळू सुटली. गोमीनं अंग ताणलं. मग कुणी न सांगता, न भरवता, तिनं स्वतःची जुनी कातच खाल्ली. तिचं अंग कडक झालं, रंग चढला, नांग्या काळ्याभोर झाल्या. मागचे काही पाय मात्र नव्हते.

ती ढोलीच्या तोंडाशी आली. खारीच्या जिभेवर नेहमीचं सगळं आलं होतं, 'एवढंसं खा', 'माझ्यासाठी खा', 'न खाता जाऊ नकोस'. ते तिनं गिळलं आणि विचारलं, "तुला भूक लागली आहे का गं?"

"लागली आहे," गोम म्हणाली.

खार उठू लागली.

"तू बस. माझं मी शोधते," गोम म्हणाली, आणि मागचा भाग थोडा ओढत, खोडावरून खाली उतरून पाचोळ्यात दिसेनाशी झाली. खार बसून राहिली. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा कुणाचं तरी म्हणणं ऐकलं होतं.

तात्पर्य : भूक ज्याची, तिच्याबद्दल बोलायचा हक्कही त्याचाच. समोरच्याचं 'नको' डावलून कोंबलेल्या घासात माया नसते, भरवणाऱ्याचा मोठेपणा असतो. आणि त्या मोठेपणाची किंमत खाणाऱ्याला मोजावी लागते.