अंगठ्याचा खळगा

एक होतं पळसाचं रान. इतकं दाट, की उन्हाला खाली यायचं तर पानापानाला विचारून, सोनेरी ठिपक्या-ठिपक्यांनी उतरावं लागे. त्या रानाच्या काठावर, मातीच्या इवल्याशा घरात, आवडी आणि तिची माय राहायच्या. दोघी पळसाची पानं काड्यांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण करायच्या. गावातली लग्नं नि बारशी त्यांच्या पत्रावळींवर जेवायची, आणि त्यांच्या स्वतःच्या पानात मात्र कोरडी भाकरी असायची.

आवडी आठ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तापाच्या साथीत तिचे बाबा गेले, आणि पुढचे कितीतरी दिवस घरात चूल पेटली नाही. तेव्हापासून आवडीला एक खोड लागली. भाकरी मिळाली की अर्धी खायची आणि अर्धी भिंतीतल्या कोनाड्यात दडवायची. उद्या नसली तर? उद्या भाकरी असायचीच, पण दडवलेली मुंग्यांनी फस्त केलेली असायची. पैशाचंही तसंच. मायने तेलासाठी नाणं दिलं की ती दुकानाच्या दारापर्यंत जायची आणि घट्ट मिटलेली मूठ नि रिकामी बाटली घेऊन तशीच परत यायची. दुकानदार गणबाकाका हसायचे. म्हणायचे, "मुठीले डिंक लावला का वं, आवडे?" काकांचं काय जातं हसायला. इकडे घरात दिवा लागत नसे.

भादव्याची पौर्णिमा झाली की त्या गावात मुली मातीची भुलाबाई मांडत. रोज संध्याकाळी एकेकीच्या अंगणात गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. बाबा होते तेव्हा आवडीच्या अंगणातला खाऊ ठरलेला होता. मोहाची सुकी फुलं, तीळ आणि गूळ कुटून बाबा स्वतः लाडू वळत. प्रत्येक लाडवावर शेवटी अंगठा दाबत, त्याचा गोल खळगा पडे. आवडी त्या खळग्यात आपला चिमुकला अंगठा घालून बघे. तो आत सैल हले. मुलींना खाऊ ठाऊकच असे, तरी त्या मुद्दाम करंजी, चकली, भजी अशी चुकीची नावं घेत, आणि बाबा डोक्याला हात लावून 'हरलात, हरलात' म्हणत हसत.

आता मुली आवडीच्या अंगणाला वळसा घालून जात. त्या काही वाईट नव्हत्या. तिच्या मायला खर्चात पाडू नये, एवढंच त्यांच्या मनात. पण टिपऱ्यांचा आवाज कुंपणावरून पुढे निघून गेला की आवडीला गलबलून येई. आपल्या अंगणात पुन्हा एकदा भुलाबाई बसावी, एवढंच तिला हवं होतं. हे ती कोणाला सांगत नसे. कोनाड्यात भाकरीचा आणखी एक तुकडा ठेवी.

एका सकाळी ती रानात पानं तोडत होती. एका फांदीवर सुपाएवढं मोठं, चकचकीत पान दिसलं. असं पान रोज थोडंच मिळतं? तिने हात घातला आणि तसाच मागे घेतला. पानाच्या कुशीत कोणीतरी झोपलं होतं. बोटभर उंचीचं, तेरड्याच्या गुलाबी पाकळ्यांचा परकर नेसलेलं, आणि पाठीवर चतुराचे निळे-निळे पंख. आवडीने ते पान तोडलं नाहीच, उलट शेजारची डहाळी हलकेच वाकवून त्या इवल्या चेहऱ्यावरचं ऊन अडवलं आणि हात भरून येईतो तशीच उभी राहिली.

परी जागी झाली, तिने लुकलुक डोळ्यांनी आवडीकडे पाहिलं आणि ती गोड हसली. उशाचं एक कोवळं पान घेऊन तिने चिमुकला द्रोण वळला.

"हा घे. यात तू मागशील ते खायला येईल," परी म्हणाली. "पण दोन गोष्टी सांभाळ, सोनुले. मागण्याआधी पोटावर हात ठेव आणि विचार, भूक कोणाला लागली आहे? पोटाला लागली असेल तरच द्रोण भरेल. आणि दडवून ठेवशील त्याचा पालापाचोळा होईल."

दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले तशी आवडीने पोटावर हात ठेवून तूप-गुळाचा भात मागितला. द्रोणातून मोगऱ्यासारखा पांढराशुभ्र, वाफाळता भात वर आला, तिला पुरून मायलाही पुरला. सवयीने तिने चार घास कोनाड्यात ठेवले. संध्याकाळी तिथे चुरचुरीत पाचोळा होता. दुसऱ्या दिवशी तिने दोनच घास ठेवले. तिसऱ्या दिवशी एक. पाचव्या दिवशी ती मांडी घालून बसली, शेवटचं शीत संपेपर्यंत सावकाश जेवली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला ढेकर आली. माय तोंडाला पदर लावून हसली.

पण त्याच आठवड्यात बाजारात एक मुलगी आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून जाताना दिसली. आवडी धावत घरी आली. तिने द्रोणाकडे जिलबी मागितली. द्रोण रिकामा. पेढे मागितले. रिकामा. बासुंदी मागताना तिचा आवाज कापत होता, आणि द्रोण तरीही रिकामाच. तेव्हा तिला नियम आठवला. तिने पोटावर हात ठेवला. पोट शांत होतं. हात वर नेला, तर छातीत काहीतरी ओरडत होतं, भुकेलं, कासावीस.

"मले बाबा पाहिजेत," ती म्हणाली.

कोपऱ्यात पत्रावळ टाचणारी माय थांबली. दोन वर्षांत त्या घरात हे नाव कोणी घेतलं नव्हतं.

"इकडे ये वं, माये," माय म्हणाली. "मलेही पाहिजेत."

दोघी एकमेकींना बिलगून पोटभर रडल्या. मग बोलायला लागल्या ते दिवेलागण होईपर्यंत. बाबा कसे शिंकायचे, कसे गाता येत नसताना गायचे. शेवटी माय उठली आणि तिने माळ्यावरून एक मडकं खाली उतरवलं. त्यात बाबांनी वेचून सुकवलेली मोहाची फुलं होती. दोन वर्षं मायने ती नुसती जपली होती, मडकं एकदाही उघडलं नव्हतं. म्हणजे कोनाडा काही एकट्या आवडीचाच नव्हता.

भुलाबाईचा एकच दिवस उरला होता. आवडीला ठाऊक होतं, खाऊसाठी द्रोण मदत करणार नाही, कारण ही भूक पोटाची नव्हती. मायने गूळ-तिळासाठी नाणं दिलं. दुकानाच्या दारात आवडीची मूठ पुन्हा आवळली. उद्या लागलं तर? तिने डोळे मिटले, टिपऱ्यांचा आवाज आठवला, आणि एकेक बोट सोडत मूठ उघडली. गणबाकाकांनी गूळ-तीळ तोलले. त्यांनी पुडीत तिळाची एक चिमूट जास्त टाकली.

कुंपणाशी उभं राहून आवडीने मुलींना हाक मारली, आणि संध्याकाळी तिच्या अंगणात भुलाबाई बसली. झेंडूच्या माळा, गोकर्णाची निळी फुलं, शेणाने सारवलेलं ओलं अंगण. गाणी झाली. आवडीने डबा हलवला. आतून धपधप असा ओळखीचा आवाज आला, आणि मोठ्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"करंजी?" एक जण हळूच म्हणाली.

"चकली?" दुसरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"भजी?"

"हरलात, हरलात," आवडी म्हणाली, अगदी बाबांसारखा डोक्याला हात लावून.

लाडू वाटून झाले. आवडीच्या हातात शेवटचा, तिचा स्वतःचा लाडू उरला. तेवढ्यात दाराशी एक अनोळखी मुलगी दिसली, तेरड्याच्या रंगाचा परकर नेसलेली. आवडीने कोनाड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने लाडू त्या मुलीच्या ओंजळीत ठेवला. मुलीने तो कणाकणाने खाल्ला, आवडीच्या कानाशी वाकून "डबा पुन्हा बघ" असं म्हणाली, आणि तिच्या पाठीवर निळे पंख लखलखले. सारं अंगण चांदण्यासारख्या उजेडाने भरून गेलं. उजेड ओसरला तेव्हा दाराशी कोणी नव्हतं. द्रोणही उरला नव्हता.

डब्याच्या तळाशी एक लाडू होता. माय-लेकींनी वळलेल्या लाडवांहून मोठा, आणि त्यावर अंगठ्याचा रुंद, खोल खळगा. आवडीने त्यात आपला अंगठा घातला. तो आत सैल हलला, पहिल्यासारखाच.

हा लाडू जन्मभर जपून ठेवावा, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने पोटावर हात ठेवला, छातीवर ठेवला. यावेळी दोघांनाही भूक होती. तिने लाडू मोडून अर्धा मायच्या हातावर ठेवला, आणि दोघी उंबऱ्यावर बसून शेवटच्या तिळापर्यंत तो सावकाश खात राहिल्या.

त्यानंतर भिंतीतल्या त्या कोनाड्यात दिवा असे, आणि त्यात तेलही असे.