हत्तीचे पाचवे नख

पूर्वी नदीकाठच्या शीलावती नगरात तमालसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील टांकसाळीचे प्रमुख होते. ते नगर धुक्याचे. उजाडले तरी ते अर्धे झोपेत असे, आणि त्या झोपेत नाणी पाडणाऱ्या हातोड्यांचा मंद आवाज मिसळलेला असे. चांदीच्या प्रत्येक नाण्यावर एक हत्ती होता. खऱ्या हत्तीच्या पुढच्या पायाला पाच नखे असतात. बोधिसत्त्वांनी मुद्दाम चारच कोरली होती. नक्कल ओळखण्याची ती गुप्त खूण.

रीत अशी होती की ही खूण प्रमुखाने फक्त भट्टीच्या अग्नीला सांगायची. राजालाही नाही. माणसाच्या कानावर ती गेली, तर प्रमुखाने ठसा कोरणारा आपला उजवा हात गमवायचा.

एके वर्षी बाजारात खोटी नाणी आली. ज्याच्याकडे खोटे नाणे सापडेल त्याचा हात तोडला जाईल, अशी राजाने दवंडी पिटवली. मग काय, व्यापारी डोळ्यांत तेल घालून हत्ती पाहू लागले. काही हत्तींना चार नखे, काहींना पाच! राजाचा हत्ती अधू कसा असेल? चार नखांचे ते खोटे, असे त्या शहाण्यांनी ठरवून टाकले आणि रोहिका नावाच्या फुलवालीला धरून दरबारात आणले.

"माळा विकून मिळालंय हो ते, महाराज," ती रडत म्हणाली. "हात गेला तर फुलं कशानं ओवू? मुलांना काय खाऊ घालू?"

तिची सुईने टोचलेली बोटे पाहून बोधिसत्त्वांना फार वाईट वाटले. दरबारात धुके शिरले होते. क्षणभर त्यांना भास झाला, नाण्यावरचा तो हत्ती धुक्यातून चालत आला आहे आणि या बाईपाशी मुकाट उभा राहिला आहे.

खूण सांगितल्याशिवाय ती सुटणार नाही हे ओळखून ते उठले. "महाराज, तिचं नाणं खरं आहे. ती चार नखं मीच कोरली. पाच नखांची नाणी खोटी."

"हे काय बोलून बसलात, आचार्य!" राजाच्या तोंडचे पाणी पळाले. "रीत ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तिला सोडा."

राजाला रडू आवरेना, पण रीत मोडण्याचे धैर्यही होईना. बोधिसत्त्वांचा हात गेला. तेव्हा गर्दीतून पुष्करक नावाचा कारागीर हंबरडा फोडत पुढे आला. खोटी नाणी त्यानेच पाडली होती.

"माझाही तोडा, महाराज! मला वाटलं, आचार्यांच्या हातून एक नख राहून गेलं. हत्ती अपुरा ठेवायला जीव धजेना, म्हणून पाचवं मी कोरलं."

तेवढ्या वेदनेतही बोधिसत्त्वांना हसू आले. "महाराज, चोरी करतानाही ज्याला चूक तशीच ठेववत नाही, त्याचा हात तोडू नका. तो मला द्या. टांकसाळीला एक हात हवाच आहे."

राजाने तो दिला, आणि ती जुनी रीतही मोडली. पुढे नवे ठसे पुष्करक कोरी, आणि खूण कुठे ठेवायची ते बोधिसत्त्व शेजारी बसून त्याला सांगत.

ही पूर्वजन्मीची कथा भिक्षूंचे गुरू, शास्ते, विहारात सांगत होते. ती संपवून ते म्हणाले, "तेव्हाची रोहिका म्हणजे विहाराच्या दारी रोज फुले आणणारी आपली म्हातारी. राजा तमालसेन म्हणजे हा भिक्षू मृगांक, अजूनही नियमांना घाबरतो. टांकसाळीचा प्रमुख मी होतो. आणि पुष्करक हा, माझ्या उजव्या हाताला बसलेला भिक्षू अर्हक."

अर्हकाने मान खाली घातली.

"हात देणे त्या मानाने सोपे होते," शास्ते म्हणाले. "ज्याच्यामुळे तो गेला त्याला जवळ बसवून घेणे, या पारमितेचे, या परम सद्गुणाचे, नाव मैत्री."